आमच्या गाळ्यातला पहिला करंडा

भांडुप पश्चिमेला, टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर आमचा गाळा आहे. दहा बाय बाराचा. आत एक लेथ, एक टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं आणि खाली कायम भुसा. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं मशीन. फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावली की ते सोलत जातं आणि गोल होतं. माझ्या नवऱ्याने त्या मशीनवर पंचवीस वर्षं पाय केले. पलंगाचे पाय, खुर्च्यांचे पाय, पोळपाटाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब. मधेमधे लाटणी आणि ताक घुसळायच्या रव्या. फर्निचरवाले मोजमाप लिहिलेला कागद देऊन जायचे आणि दोन दिवसांनी गोणीतून माल घेऊन जायचे.

मी दुपारी डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून काचकागद मारायचे. त्याने कातायचं, मी घासायचं, पॉलिश मारायचं. मशीनला मी हात लावायचा नाही असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. पण लावला नव्हता हे खरं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. हॉस्पिटलमधून पंधरा दिवसांनी घरी आलो तेव्हा तो उजवा पाय ओढत का होईना चालत होता, जीभ जड झाली होती पण बोलणं कळत होतं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, येईल थोडाफार. रोज सकाळी मी त्याची बोटं एकेक करून उघडायचे आणि तो दुसरीकडे बघत बसायचा.

महिन्याभराने दोघेजण मशीन बघायला आले. घाटकोपरहून आले होते, त्यांचा स्वतःचा लाकडाचा धंदा होता. त्यांना कोणी सांगितलं मला माहीत नाही, नवऱ्यानेच निरोप पाठवला असणार. त्यांनी शटर उघडायला लावलं, बेल्ट बघितला, मोटर चालू करून बघितली.

"वहिनी, मशीन चांगलं आहे. घेऊन जातो."

"विकायचं नाही," मी म्हटलं.

"मग चालवणार कोण?"

"मी."

हे मी आधी ठरवलं होतं असं नाही. तोंडातून निघून गेलं. नवरा शटरजवळ काठी धरून उभा होता. ते दोघे गेल्यावर म्हणाला, "येडी झालंस काय गो?" तो कुडाळकडचा. रागावला किंवा फार खूश झाला की मालवणीवर येतो.

पहिली कितीतरी लाटणी मी सरपणात घातली. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, मधे खड्डे. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगायचा, "पटाशी आधी टेकव. टेकव आणि मग लाव. लाकडावर धावून जाऊ नको." मी धावून जायचे. खाडकन आवाज व्हायचा, पटाशी हातात उसळायची, खांद्यापर्यंत झिणझिण्या. सहा महिन्यांनी लाटणं लाटण्यासारखं दिसायला लागलं. वर्षाने पाय जमले. चार पाय एकसारखे करणं ही किती अवघड गोष्ट आहे हे काचकागद मारताना मला कधीच कळलं नव्हतं. गिऱ्हाईकं यायची, आत बघायची आणि विचारायची, "शेठ कुठे आहेत?" मी पदर खोचलेला, नाकावर रुमाल बांधलेला, सगळी भुशाने माखलेली. "बोला ना," म्हणायचे. काही बोलायचे, काही परत जायचे. जे बोलले ते पुन्हा आले.

असं चाललं होतं. मग एक दिवस मासेवाली मावशी आली.

ती बाजारात कोपऱ्यावर बसते. खाडीकडच्या भांडुप गावातली, पिढ्यान्‌पिढ्यांची कोळीण. मी तिच्याकडून बोंबील घेते ती लग्न झाल्यापासून. त्या दिवशी बाजार आटपून, रिकामी पाटी कमरेला लावून ती थेट गाळ्यात आली आणि टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली.

"बघ गो. असा एक करून दे."

पिशवीत कुंकवाचा करंडा होता. मुठीत मावेल एवढा, लाल, त्यावर काळी वळी, झाकणाला बोंडासारखी मूठ. जुन्या लाखेचा रंग इतका खोल की आत दिवा लावल्यासारखा वाटत होता. पण वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती आणि झाकणाचे दोन तुकडे.

"माज्या सासूचा. तिला तिच्या आईने दिलेला. नातीचं लगीन हाय वैशाखात, तिला द्यायचा म्हणून काढला नि हातातनं निसटला." तिने झाकणाचे दोन तुकडे जोडून धरले. "सासूने जन्मभर सांभाळला. माज्या हातनं एका मिनिटात गेला बघ."

"स्टीलचे मिळतात की मावशी. चांदीचे पण मिळतात."

"स्टीलचा डबा जेवणाला. पोरीला लाकडाचाच देणार. तू लाकडाचं काम करते ना? मग?"

"करून देते," मी म्हटलं.

ती गेल्यावर खुर्चीतून आवाज आला. "माका इचारलंस?"

"तुम्ही नाही म्हटला असतात."

"करंडो म्हणजे पाय न्हय." त्याने डाव्या हाताने मशीनकडे बोट दाखवलं. "पाय दोन्हीकडून धरलेलो असता. हयसून आणि थयसून. आतून पोकळ करूचा तर एक बाजू मोकळी होयी. लाकूड एकाच टोकान धरूचा लागता. आणि झाकण? झाकण बसाक व्हया. सैल नाय, घट नाय."

"मग एका टोकाने कसं धरतात?"

तो रस्त्याकडे बघायला लागला. एक रिक्षा गेली, दुसरी गेली.

"अहो, कसं धरतात?"

"माका येना नाय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला येत नाही असं काही असू शकतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कोणी करंडा, डबी, असलं काही मागायला आलं की तो म्हणायचा, "ता सावंतवाडीवाल्यांचा काम, आमचा न्हय," आणि मला वाटायचं की तो मोठ्या कामाचा माणूस, बारीक कामात पडत नाही. आता कळलं की ते काम त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तो सोळाव्या वर्षी मुंबईत आला तेव्हा त्याला पायांवर बसवलं आणि तो पायांवरच राहिला.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पायरीवर होतो.

मोबाईलवर मी व्हिडिओ बघितले. गोरे लोक, स्वच्छ गॅरेज, चकचकीत लोखंडी पंजे जे लाकूड एका बाजूने पकडतात. आमच्या मशीनला तसला पंजा बसणारही नव्हता. पण एका व्हिडिओत एक म्हातारा होता, भाषा कुठली ते कळलं नाही, तो मशीनला एक लाकडी ठोकळा बसवत होता, त्या ठोकळ्यात वाटीसारखा खड्डा होता आणि त्या खड्ड्यात दुसरं लाकूड हातोडीने ठोकून घट्ट बसवत होता. लाकडानेच लाकूड धरायचं. मी नवऱ्याला दाखवला. त्याने तीन वेळा बघितला.

"होऊ शकता," एवढंच म्हणाला.

ठोकळा तयार करायलाच आठ दिवस गेले. आतून कोरायला आमच्याकडे हत्यार नव्हतं, म्हणून एक जुनी कानस दगडावर घासून तिचं टोक गोल केलं. मग आंब्याच्या लाकडाचा एक तुकडा घेतला, ठोकळ्यात ठोकला आणि कोरायला लागले. सुरुवात फारच छान झाली. आतून लाकूड लोण्यासारखं निघत होतं. अर्धं काम करून मी जेवायला बसले, जेवून येऊन बघते तर कडेला केसाएवढी भेग. दुसऱ्या दिवशी त्या भेगेत नख जात होतं. लाकूड ओलं होतं. पायाला थोडं ओलं चालतं, पातळ भिंतीच्या डबीला चालत नाही.

सुकं लाकूड शोधायला मी मुलुंडला गेले. तिथे जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर चढतायत, त्यांच्या दारांच्या चौकटी एका वखारीत येऊन पडतात. पन्नास-साठ वर्षांचं सागवान, खिळ्यांची भोकं, वर रंगाचे पाच थर. वखारवाला म्हणाला, "बाई, ह्यात काय करणार? खिळे असतील, हत्यार मोडेल." मी म्हटलं, खिळे मी काढते, तुम्ही द्या. एक हातभर तुकडा पिशवीत घालून आणला. रंग खरवडला तर आतून सोन्यासारखा निघाला.

त्याचा पहिला तुकडा ठोकळ्यात नीट बसला नव्हता. मला वाटलं बसलाय. मशीन चालू केलं, कानस लावली, आणि तो सुटला. मी काही बघितलं नाही. एवढंच कळलं की मी खाली बसलेय आणि डाव्या भुवईतून गरम काहीतरी डोळ्यात जातंय. नवरा खुर्चीतून उठायला धडपडला आणि पडला. मग मी उठून आधी मशीन बंद केलं, मग त्याला उचललं, आणि मग आम्ही दोघं रिक्षाने दवाखान्यात गेलो. तीन टाके. डॉक्टरीणबाई टाके घालताना विचारत होत्या, "घरी कोणी मारलं का? सांगा, घाबरू नका." नवरा बाहेर बाकड्यावर बसलेला. मी म्हटलं, "बाई, तो हात उचलू शकत नाही. मला लाकडाने मारलं." त्यांना ते खरं वाटलं असं दिसलं नाही.

घरी आल्यावर त्याने माझ्याशी भांडण काढलं. आजारपणानंतरचं पहिलं खरं भांडण.

"बस झाला. त्या कोळणीक सांग, नाय होणा."

"मी सांगणार नाही."

"अर्धो इंच खाली लागला असता तर डोळो गेलो असतो. मग कोण बघतला? तू माका बघतंस, तुका कोण बघतला?"

तो बरोबर बोलत होता. मी भांडी घासायला उठले. घासता घासता मात्र डोक्यात एकच चाललं होतं, की लाकडाचा बुडखा मी सरळ कापला होता, तो जरा निमुळता कापायला हवा होता, म्हणजे ठोकल्यावर आणखी आणखी घट्ट होत जाईल. भांडी ठेवून मी बाहेर आले आणि त्याला तेच सांगितलं. तो चिडून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि शिवाय खडू लाव. खडू लावलो की घसरणा नाय."

चौथ्या दिवशी मी गाळ्यात गेले ती त्याचं बाईक चालवायचं हेल्मेट घेऊन. बाईक विकली होती, हेल्मेट माळ्यावर पडलं होतं. ते घालून, काच खाली ओढून मी मशीनपुढे उभी राहिले. आत श्वासाची वाफ धरायची, थोड्या थोड्या वेळाने काच वर करावी लागायची. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मावशी एकदा डोकावली आणि पोट धरून हसली. "अगो, लाकूड कापते का चंद्रावर चालली?"

पण ह्यावेळी लाकूड हललं नाही. मी कोरत गेले. किती खोल गेलंय ते बघायला काडी घालायची, पुन्हा कोरायचं. आणखी थोडं, आणखी थोडं, आणि मग कानस एकदम हलकी लागली. मशीन बंद करून आत बघितलं तर बुडाला रुपयाएवढं भोक आणि त्यातून उजेड.

त्या दिवशी मात्र मी रडले. टेबलाखाली बसून, काही उचलतेय असं दाखवत.

माझी अडचण अशी होती की मला आतलं दिसत नव्हतं. बाहेरून करंडा कसा दिसतो हे समोर होतं, पण भिंत किती जाड ठेवतात, बूड किती ठेवतात, झाकणाला खाच किती खोल घेतात, हे बाहेरून कळायचं कसं? मावशीच्या फुटक्या करंड्यात मी बोट घालून, काडी घालून मापं घ्यायचा प्रयत्न केला. चीर होती, पण तिच्यातून काही दिसत नव्हतं. तो मधोमध उभा कापला तरच कळणार होतं.

मी बाजारात गेले. दुपार होत आली होती, मावशीची पाटी जवळजवळ संपली होती. तिच्या शेजारी बसले.

"मावशी, एक विचारू? रागावू नकोस."

"झाला का करंडा?"

"नाही. मला तुझा जुना कापून बघायचाय. मधून. आतून कसा केलाय ते कळल्याशिवाय मला जमणार नाही."

तिने कोयत्यावरचं पाणी निपटलं. बराच वेळ ती समोरच्या भाजीवाल्याकडे बघत होती. मला वाटलं आता उठवेल मला.

"फुटला तरी तिचा होता गो," ती म्हणाली. "मी ते तुकडे पन देवाजवळ ठेवणार होते."

"मग राहू दे. मी दुसरं काहीतरी बघते."

मी उठले. चार पावलं गेले असेन, मागून हाक आली.

"काप."

मी वळले.

"काप म्हनते ना. तिच्या आईने तिला दिला तो वापरायला. पूजा करायला नाय दिला. पन सरळ काप, वाकडा नको."

बारीक दातांच्या करवतीने मी तो कापला. नवऱ्याने डाव्या हाताने तो टेबलावर दाबून धरला. एरवी पाच मिनिटांचं काम, आम्हाला अर्धा तास लागला, कारण मी दर थोड्या वेळाने थांबत होते. शेवटी दोन अर्धुकं टेबलावर पडली.

आत कुंकू साठून काळपट झालं होतं. ते ब्रशने झाडलं आणि मग आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो. भिंत वरती पातळ, खाली येता येता जाड होत गेलेली. बूड चांगलं बोटाच्या पेराएवढं जाड. आणि कोपरा नव्हताच. मी आतून चौकोनी डब्यासारखा कोपरा काढायला जात होते, म्हणून बुडाकडे कानस अडकायची. ह्या करंड्याचं आतलं बूड वाटीसारखं गोल होतं. झाकण जिथे बसतं तिथे खाच सरळ उतरलेली, जरासुद्धा तिरपी नाही. आणि बुडाच्या मधोमध एक छोटासा उंचवटा राहिला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. करंडा कोणी केला होता कोण जाणे, पण तो उंचवटा त्याने तसाच सोडून दिला होता.

"बघ," नवरा म्हणाला. "तेका पण सगळा जमूक नाय."

त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि त्या अर्धुकाची कड कागदावर काढली. वाकडीतिकडी रेघ. शाळेतल्या पहिल्या इयत्तेतल्यासारखी. पण मापं बरोबर होती. तो कागद मी मशीनच्या वर चिकटवला.

पुढच्या तुकड्यावर मी आधी झाकणाचा भाग वेगळा कापून कोरला. मग खालचा भाग. आतून गोल, वाटीसारखा. अर्ध्यात नवऱ्याने "थांब" म्हणून ओरडून मशीन बंद करायला लावलं. मी म्हटलं काय झालं? म्हणाला आवाज बदलला. मला काहीच कळलं नव्हतं. बघितलं तर लाकूड ठोकळ्यात किंचित सैल झालं होतं, आणखी मिनिटभर चाललं असतं तर उडालं असतं. पुन्हा ठोकून बसवलं.

मग आलं झाकण. मोठं वाटलं म्हणून खाच थोडी घासली, थोडी घासली, आणि एका क्षणी झाकण खटकन आत गेलं आणि सैल पडलं. उलटा धरला की टपकन खाली. तो करंडा आमच्याकडे अजून आहे, त्यात मी लवंगा ठेवते. पुन्हा नवीन तुकडा घेतला. ह्यावेळी घासायचं कमी आणि लावून बघायचं जास्त. दर वेळी मशीन थांबवायचं, झाकण लावायचं, काढायचं, पुन्हा केसभर. संध्याकाळचे सहा वाजत आले असतील. झाकण लावलं, ते हळूच खाली उतरलं, थांबलं. मूठ धरून उचललं तर खालचा भाग वर आला. क्षणभर तसाच लोंबकळला आणि मग अलगद सुटला.

नवऱ्याने हात पुढे केला. त्याने स्वतः उचलून बघितला, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा पण उचलला.

रंग राहिला होता. लाखेच्या कांड्या मी भुलेश्वरच्या बाजारातून आणल्या. फिरणाऱ्या लाकडाला कांडी दाबून धरली की घासून घासून ती वितळते आणि रंग लाकडावर चढतो. तो चढतो ढेकळांसारखा. तो पसरायला आणि चमकायला केवड्याचं पान लागतं, हे नवऱ्याला लहानपणी गावाकडे बघितलेलं आठवत होतं. केवडा कुठून आणायचा? मावशीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या खाडीकडे हाय ना, कापडं फाडतो मेला." दुसऱ्या दिवशी माशांच्या पाटीवर पानांचा भारा घेऊन आली. पानांच्या कडेला काटे. ते काढता काढता बोटं सोलली. मग पान दुमडून फिरत्या लाकडावर दाबलं, आणि समोरच्या समोर तो मळकट लाल रंग एकदम जागा झाला. मला मशीन बंदच करवेना. नवरा म्हणाला, "पुरे, आता जाळशीत."

काळी वळी मी तीनच घातली. जुन्यावर पाच होती. पाच घालायला माझा हात तितका स्थिर नव्हता, आणि खोटं कशाला करायचं.

मावशी घ्यायला आली तेव्हा आधी लांबूनच बघत राहिली. "हात माशाचे हायत. तूच उघड." मी उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तिने आत डोकावून बघितलं, मग माझ्या भुवईकडे बघितलं.

"तिच्यासारखा नाय," ती म्हणाली.

मी झाकण लावून टाकलं.

"तिचा काळा होता आतनं. ह्याला लाकडाचा रंग हाय." आणि मग पदराने हात दोनदा पुसून तिने तो घेतला. "हा पोरीचा. चांगला हाय."

लग्नाला आम्ही दोघं गेलो. भांडुप गावात, मांडवाबाहेर बँजो वाजत होता आणि बायका नाचत होत्या. नवरीच्या पुढ्यातल्या ताटात नारळ, हळद, तांदूळ आणि त्यांच्यामध्ये तो करंडा. कोणी त्याच्याकडे खास बघत नव्हतं. आम्ही बघत होतो. मावशीने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. नवऱ्याने दोन वेळा जेवण घेतलं.

जुलैत, पाऊस लागून महिना झाला होता, ती नात गाळ्यात आली. लग्न होऊन खारदांड्याला गेलेली, ट्रेन बदलून एवढ्या लांब आली होती. पर्समधून करंडा काढून टेबलावर ठेवला.

"काकी, हे उघडतच नाही. माझ्या नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घातला तरी नाही."

झाकणाच्या कडेला लाखेचा एक टवका उडाला होता. मला इतका राग आला की मी तिच्याकडे बघितलंच नाही. स्क्रू ड्रायव्हर! केवढा जीव घातला होता मी त्या कडेत. पण मग करंडा हातात घेतला आणि लक्षात आलं की चूक तिच्या नवऱ्याची नव्हती. मी तो एप्रिलच्या कडक उन्हात केला होता, झाकण तेव्हा नेमकं बसलं होतं. लाकूड पाणी पिऊन फुगलं. पन्नास वर्षांचं असो की शंभर, हवेतलं पाणी ते पितंच. उन्हाळ्यात केलेल्या झाकणाला पावसाची जागा ठेवायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला विचारावं हेही मला माहीत नव्हतं.

"बस," मी तिला म्हटलं. "चहा घे. अर्धा तास लागेल."

दिव्याखाली ठेवून जरा कोरडा केला, फडक्यात धरून हळूहळू फिरवला, आणि झाकण सुटलं. आत कुंकू नव्हतं. टिकल्यांची तीन पाकिटं, एक नाकातली चमकी आणि सेफ्टी पिना. ती जराशी ओशाळली. "कुंकू नाही लावत मी रोज, काकी. आजीला सांगू नका."

"वापरतेस ना? मग झालं."

खाच घासताना तिने शेजारी उभं राहून सगळं बघितलं. नवऱ्याने तिला सांगितलं की चालू मशीनच्या पुढे उभी राहू नको, बाजूला राहा, आणि भुवईवर बोट ठेवून कारणही दाखवलं. टवका उडालेल्या जागी मी नवीन लाख चढवली. लाल जुळला नाही, तिथे थोडा उजळ डाग राहिला. ती म्हणाली चालेल. करंडा पर्समध्ये टाकून पाच-चाळीसची गाडी पकडायला ती धावत गेली.

तेव्हापासून मी सहा करंडे केले. एक सोडून सगळे गेले. प्रत्येक झाकण आता थोडं सैल ठेवते आणि घेणाऱ्याला सांगते की उन्हाळ्यात खुळखुळेल, पावसात बसेल. दोघांनी ऐकून नको म्हटलं. ठीक आहे. पलंगाचे पाय चालूच आहेत, घर त्यावरच चालतं.

मागच्या महिन्यात मुलुंडच्या वखारवाल्याने स्वतःहून फोन केला, म्हणाला, "बाई, एक हळदूचा ओंडका आलाय, तुम्हाला पाहिजे का?" आम्ही दोघं रिक्षाने जाऊन घेऊन आलो. पिवळाधमक आहे, पण अजून ओला. सुकताना तडकू नये म्हणून टोकांना मेण लावून फळीवर ठेवलाय. नवरा रोज त्यावर नख मारून बघतो आणि मान हलवतो. अजून वर्षभर तरी त्याला हात लावता येणार नाही. आम्ही थांबू.